शनिवार-रविवारचे दोन तास हवे आहेत : खारघर परिसरातील रहिवाशांना आवाहन

सस्नेह नमस्कार.

कर्करोगाच्या उपचारांसाठी पूर्वी परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरणाऱ्या कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे आता आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा स्मारक केंद्राच्याच कर्करोग उपचार व संशोधन संस्थेत येतात. यवतमाळ, नांदेड, जळगाव, तसेच बंगाल, बिहार आणि आसाममधून आलेली ही माणसे आसपासच्या सेक्टरांमध्ये आणि गावठाणांमध्ये खोली घेऊन राहतात. रेडिएशन, ज्याला अनेक जण नुसते ‘लाईट’ म्हणतात, साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस असते आणि पुष्कळदा पाच-सहा आठवडे चालते. रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांचे उपचार तर दोन वर्षांहूनही लांबतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे उपचारांच्या खर्चाचा भार पुष्कळांच्या बाबतीत हलका होतो, पण परक्या गावातल्या एकटेपणाची तरतूद कोणत्याच योजनेत नाही.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या मंडळाचे काही सभासद अशा कुटुंबांकडे जात आहेत. सुरुवातीला आम्ही फळे नेत होतो आणि धीर देत होतो. दोन्ही गोष्टींची फारशी गरज नव्हती, हे समजायला थोडे दिवस लागले. विदर्भातून आलेल्या एका काकूंनी दोन महिने डाळीला फोडणी घातली नव्हती, कारण केमोनंतर यजमानांना फोडणीच्या वासानेच मळमळत असे आणि एकाच खोलीत चूल आणि अंथरूण होते. आमच्या एका सभासदाने त्यांना आपल्या घरी बोलावून स्वयंपाकघर मोकळे करून दिले. त्यांनी ठेचा केला, भाकऱ्या थापल्या आणि परातीवर हात चालू असतानाच, गावी फोनवर रोज “बरं चाललंय” सांगताना काय होते, ते पहिल्यांदा कुणाला तरी सांगितले. आमची सभासद मध्ये एक शब्दही बोलली नाही, आणि तेच योग्य झाले.

रुग्णाची विचारपूस निदान डॉक्टर आणि परिचारिका करतात, पण सोबत आलेल्या माणसाला तू जेवलास का, झोपलास का, असे कुणी विचारत नाही. सोमवार ते शुक्रवार रांगा, फाइल आणि तपासण्यांत निघून जातात. शनिवार-रविवारी लाईट नसते, गावी जाऊन परत येणे परवडत नाही आणि चार भिंतींत दिवस सरत नाही.

म्हणून शनिवारी किंवा रविवारी सलग दोन तास देऊ शकतील अशा रहिवाशांची आम्हाला गरज आहे. काम गप्पांचे आहे आणि त्याहून अधिक ऐकण्याचे. कधी सेंट्रल पार्कमध्ये फेरफटका, कधी पत्त्यांचा डाव, तर कधी सोबतच्या माणसाला निवांत झोप मिळावी म्हणून नुसते रुग्णापाशी बसणे. ज्यांना आपले स्वयंपाकघर आठवड्यातून एक वेळ देता येईल, त्यांनी अवश्य कळवावे. वरच्या प्रसंगानंतर ही मागणी आमच्याकडे सर्वाधिक येते.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतील. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो, त्यामुळे किंचित सर्दी-खोकला असला तरी त्या आठवड्यात जाऊ नये. औषधांविषयी सल्ला, काढे, अंगारे आणि ‘आमच्या ओळखीत एकाला हाच आजार होता’ अशा गोष्टी घरीच ठेवाव्यात. फोटो काढू नयेत, सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यासाठी तर मुळीच नाही. कुणाच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर ते गुपित समजून स्वतःपाशी न ठेवता त्याच दिवशी आमच्या समुपदेशकांना सांगावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही उपलब्ध असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आर्थिक मदतही स्वीकारली जाईल. ती केवळ समुपदेशकांचे मानधन आणि कुटुंबांचे रिक्षाभाडे यांसाठी वापरली जाईल. देणगी धनादेशाने द्यावी, पावती लगेच मिळेल आणि दर तीन महिन्यांचा हिशोब कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल. रुग्णांच्या हाती थेट रोख रक्कम मात्र देऊ नये, कारण त्यानंतर मोकळेपणाने बोलणे अवघड होते, असा आमचा अनुभव आहे.

नावनोंदणीचे अर्ज मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी मिळतील. पहिल्या दोन भेटींना जुने सभासद सोबत येतील. ज्यांना बंगाली बोलता येते, त्यांनी अर्जावर तसे ठळक लिहावे. दोन कुटुंबे केवळ भाषेसाठी थांबली आहेत.