मी आघाडीवर असताना माझ्याच ऑटो बिडने चढवलेले ३५,००० रुपये: लेखी तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

बँकेने जप्त केलेल्या गाड्यांच्या तुमच्या ऑनलाइन लिलावातील २०१८ च्या मारुती ईकोच्या लॉटबद्दल हे पत्र आहे. हेल्पलाइनवर आजही "सिस्टिमने बरोबरच केलंय" एवढंच ऐकवलं गेलं, म्हणून आता लेखी.

बोलीचा इतिहास उघडा. बेस प्राइस १,८०,०००, प्रत्येक बोलीचा टप्पा २,०००. माझ्या ऑटो बिडची, म्हणजे माझ्या वतीने सिस्टिमने आपोआप बोली लावण्याची, कमाल मर्यादा २,६०,०००. समोरच्याची शेवटची बोली २,३८,०००. तिच्यावर माझ्या वतीने २,४०,००० लागली. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विक्रेता गाडी विकत नाही ती, त्याआधीच गाठली होती. बोली शेवटच्या पाच मिनिटांत पडल्यामुळे वेळ वाढली आणि त्या वाढीव वेळेत मी मर्यादा २,७५,००० केली. "ऑटो बिड मर्यादा बदलली" असा संदेश आला, आणि त्याच क्षणी चालू बोली २,४०,००० वरून थेट २,७५,००० झाली. मध्ये कुणाचीही बोली नाही. लॉट त्याच भावाने माझ्या नावावर बंद झाला.

राखीव किंमत गाठल्यानंतर आघाडीवरच्या माणसाने मर्यादा वाढवली तर चालू भाव एका रुपयानेही हलता कामा नये. भाव हलवतो तो प्रतिस्पर्धी: त्याची सर्वोच्च बोली अधिक एक टप्पा, किंवा माझी मर्यादा, यांतलं जे कमी असेल ते. २,७५,००० भाव यायचा तर समोरच्याने किमान २,७३,००० लावायला हवे होते. ती बोली इतिहासात दाखवा. शिवाय १,८०,००० पासून दोन-दोन हजारांनी चढत गेलं की २,७४,००० येतात, मग २,७६,०००. थेट बोलीत २,७५,००० येतच नाहीत. हाताने असा आकडा टाकला तर तुमची सिस्टिम तो नाकारते. म्हणजे हा आकडा मर्यादेच्या रकान्यातूनच बोलीत गेला. थेट बोली आणि मर्यादा यांना तुम्ही एकच रकाना दिला आहे, फरक फक्त टिकमार्कचा. वेळ वाढल्यावर पान नव्याने लोड होताना ती टिक सर्व्हरवर टिकते का, हे तुमच्या तांत्रिक विभागाने तपासावं.

आता आजचा फोन. मी वरचा सगळा हिशेब सांगितला. तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पावणेतीनपर्यंत द्यायला तयारच होतात ना? मग नुकसान कसलं?" मी म्हटलं, तयारी वेगळी, बोली वेगळी. त्यावर, "पण मर्यादा तुम्हीच टाकलीत." मी वरिष्ठांना फोन द्यायला सांगितला. होल्डवर ठेवलं, आणि परत येऊन तेच वाक्य, शब्दही न बदलता: "तुम्ही द्यायला तयारच होतात ना?" ज्याने विश्वासाने कमाल रक्कम सांगितली, त्याच्याकडून तीच पूर्ण उकळायची आणि वर नुकसान नाही म्हणायचं! मग कुणी खरी मर्यादा का टाकावी? ऑटो बिड सोडून प्रत्येकाने शेवटच्या सेकंदापर्यंत फोन धरून बसायचं का?

त्याच बोलण्यात त्यांनी माझी जुनी २,६०,००० ची मर्यादाही वाचून दाखवली. गुप्त म्हणवलेला आकडा हेल्पलाइनला दिसतो, तर विक्रेत्याच्या आणि गाड्या ठेवलेल्या यार्डाच्या माणसांना दिसतो का? याचं उत्तर मला लेखी हवं आहे. ज्याला समोरच्याची मर्यादा माहीत आहे, तो खोटी बोली लावून भाव तिथपर्यंत सहज नेऊ शकतो.

फरक ३५,००० चा आहे. त्यावर तुमचं २.५ टक्के शुल्क ८७५, आणि शुल्कावर १८ टक्के जीएसटी १५७.५०. एकूण ३६,०३२.५० रुपये. भाव फुगला की तुमचं शुल्कही फुगतं, म्हणून ही चूक तुम्हीच शोधायला हवी होती.

विक्रीचा भाव २,४०,००० करा. माझ्या लॉटची वेळेच्या नोंदींसह पूर्ण सर्व्हर नोंद द्या. निकाल लागेपर्यंत पैसे भरण्याची मुदत थांबवा. तोवर अनामत जप्त करू नका, यार्डाचं पार्किंग भाडं लावू नका. भाव सुधारल्याशिवाय विक्रीच्या कोणत्याही कागदावर मी सही करणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. गाडी घरच्या वापरासाठी घेतली आहे, व्यापारासाठी नाही. पोच आली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि बोलीच्या इतिहासाचे स्क्रीनशॉट घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. उत्तर ईमेलने द्या. तुमच्या हेल्पलाइनवरून फोन नको.