घरपट्टीच्या बिलावर हिशोब पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात यंदा घरपट्टीची फेरआकारणी झाली आणि बिलं घरोघरी आली तेव्हापासून पानठेल्यावर, दळणाच्या चक्कीवर एकच विषय चालू आहे की आपली पट्टी एवढी वाढली कशी अन् बाजूवाल्याची का नाही वाढली. बिल हातात घेऊन पाहिलं तर घरपट्टी इतकी, दिवाबत्ती इतकी, आरोग्य कर इतका, पाणीपट्टी इतकी, मागची बाकी इतकी आणि खाली एकूण, बस. हा आकडा निघाला कुठून ते कुठंच लिहिलेलं नाही, आणि ग्रामपंचायतीत विचारलं तर सांगतात वरून दर आले, कॉम्प्युटरनं काढलं. पट्टी भरायला आमची ना नाही. गावातले लाइट, नाल्या, नळाची मोटर ह्या सगळ्याला पैसा लागतो हे कळतं. पण ज्या पैशाचा हिशोब कळत नाही तो भरताना माणसाच्या मनात संशय राहतो आणि मग तो भरतच नाही, थकवत जातो, आमच्या भागातल्या थकबाकीचं एक मोठं कारण हेच आहे असं मला वाटते.

खरं म्हणजे हिशोब काही अवघड नाही, सातवी शिकलेलं पोरगं करू शकते. आधी पट्टी चौरस फुटाच्या हिशोबानं लागायची, ३१ डिसेंबर २०१५ च्या नियम दुरुस्तीनंतर ती घराच्या भांडवली किमतीवर लागते. म्हणजे जागेचं क्षेत्रफळ गुणिले जागेचा रेडी रेकनरचा (जमिनीच्या किमतीच्या सरकारी तक्त्यातला) दर, त्यात बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाच्या प्रकाराचा दर गुणिले घसारा (घर जुनं झालं की किमतीचे जितके टक्के धरतात ते) हे मिळवायचं, आणि येईल त्याला वापराच्या भारांकानं, म्हणजे वापर पाहून ठरलेल्या आकड्यानं, गुणायचं. राहतं घर असेल तर भारांक १, कारखाना असेल तर १.२०, दुकान असेल तर १.२५. ही झाली भांडवली किंमत, आणि तिच्यावर दर हजार रुपयांमागं इतके पैसे अशी पट्टी. तो हजारी दर शासनानं ठरवून दिलेल्या कमीत कमी आणि जास्तीत जास्तच्या मधात ग्रामपंचायत स्वतः ठरवते, ही गोष्ट लय लोकांना माहीतच नाही, सगळे समजतात की सगळं मुंबईहून ठरून येते.

समजा हजार फुटाचा प्लॉट आहे म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, आणि त्यावर सहाशे फुटाचं घर म्हणजे ५६ चौरस मीटर. दर मी इथं नुसते समजण्यापुरते धरतो, जागेला ४०० रुपये मीटर, बांधकामाला १०,००० रुपये मीटर आणि घर जुनं म्हणून किंमत ८० टक्के. जागेचे झाले ३७,२०० आणि घराचे ५,६०,००० चे ८० टक्के म्हणजे ४,४८,०००, एकूण ४,८५,२००. हजारी एक रुपया दर असेल तर घरपट्टी ४८५ रुपये. आता रजिस्टरमध्ये घराचं वयच लिहिलं नाही आणि घसारा धरलाच नाही तर हीच पट्टी ५९७ होते. समोरच्या सपरीत (ओसरीत) पोरानं एक काउंटर टाकलं म्हणून पूर्ण घराला दुकान धरलं तर ६०६. वर्षाला शंभर सव्वाशे रुपये मोठे वाटत नाहीत पण आकारणी चार वर्षांसाठी असते आणि ज्याच्या घरी रोजमजुरीवर चूल पेटते त्याला विचारा शंभर रुपये काय असतात.

म्हणून प्रत्येकानं आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा काढावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. नमुना ८ म्हणजे आकारणीची नोंद, नमुना ९ म्हणजे मागणीची, आणि पैसे भरले की मिळते ती नमुना १० ची पावती, ती जपून ठेवायची कारण मागची बाकी दोनदा लागली तर तोच एक पुरावा आहे. उतारा लोकसेवा हक्क कायद्याखाली मागता येतो, कुणाच्या पाया पडायची गरज नाही. हाती आला की पहिले क्षेत्रफळ पाहा, फूट आहे की मीटर आहे ते पाहा, कारण एका चौरस मीटरात पावणे अकरा चौरस फूट बसतात आणि फुटाचा आकडा मीटरच्या दरानं गुणला तर पट्टी दहापट होऊन बसते. स्वतः टेप घेऊन मोजा, शेजाऱ्याला टेपाचं दुसरं टोक धरायला लावा.

त्यानंतर बांधकामाचा प्रकार, आणि आमच्याकडं सगळ्यात जास्त गोंधळ इथंच आहे. विदर्भातलं गावातलं घर एका तऱ्हेचं नसतेच. पुढची खोली स्लॅबची, मधलं घर विटा-मातीचं वर टिनं, मागं कवेलूची न्हाणी आणि बाजूनं ढोरायचा कोठा. बांधकामाच्या प्रकाराप्रमाणं दर वेगळा असतो, म्हणून ते वेगवेगळ्या ओळीत लिहायला पाहिजे. माझ्या स्वतःच्या घराला सगळंच आरसीसी (सिमेंट-लोखंडाचं पक्कं) धरलं होतं, स्लॅब फक्त पुढच्या एका खोलीवर आहे, मातीच्या भिंती माझ्या आजोबांच्या वेळच्या आहेत. मोजणीला आलेला माणूस रस्त्यावरूनच घर पाहून गेला असं दिसते, अंगणात पाय ठेवला असता तर कवेलू दिसले असते. लेखी अर्ज दिला, फोटो जोडले, पोच घेतली, आता दुरुस्तीची वाट पाहतो आहे.

आकारणीची यादी लागते तेव्हा हरकतीसाठी मुदत असते पण ती यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि लोक त्या वेळी वावरात असतात, निंदण-डवरणीच्या दिवसात कोण फळा वाचायला जाते. दवंडी तरी द्या. गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर तरी टाका, लग्नाची पत्रिका टाकता तशी. आणि मुदत निघून बिल आलंच तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२४ कलमात पंचायत समितीकडं अपील करायची सोय आहे, ते वेळेत करा. नुसतं रागानं बिल थकवलं तर १२९ कलमाखाली मागणीची नोटीस आणि पुढं जप्तीपर्यंत गोष्ट जाते. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर थकबाकी आडवी येते ते तर सगळ्यांना माहीत आहे, फॉर्म भरायच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत जी गर्दी होते ती त्याचीच.

आमच्या जिल्ह्यात माजी सैनिकांची पुष्कळ घरं आहेत, त्यांना २०२० पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत घरपट्टी माफ आहे, तरी अर्ज न केल्यानं काही जण अजून भरतच आहेत. त्यांच्यापर्यंत हे कुणीतरी पोचवलं पाहिजे. आणि नमुना ८ वर मालकिणीचं नाव पण लावून घ्या, घर दोघांच्या नावावर करायचा शासनाचा निर्णय २००३ चा आहे, तरी आमच्या गावात जुन्या घरांवर बहुतेक बाप्यांचीच नावं आहेत.

माझी मागणी साधी आहे. बिलाच्या मागच्या बाजूला क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घराचं वय, घसारा, भारांक आणि हजारी दर एवढ्या सहा गोष्टी छापा. कॉम्प्युटरमध्ये त्या आहेतच, नाहीतर बिल निघालंच नसतं. आणि आकारणी पक्की करायच्या आधी यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा.

दुसरं, पहिल्या सहा महिन्यात म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत पट्टी भरली तर पाच टक्के सूट असते आणि वर्ष उलटलं की पाच टक्के दंड. सप्टेंबरमध्ये कापूस-सोयाबीनवाल्याच्या खिशात काय असते ते विदर्भातल्या कुणालाही विचारा. बी-खताची उधारी डोक्यावर असते, सोयाबीन ऑक्टोबरात निघते, कापसाचा पहिला वेचा दिवाळीच्या मागंपुढं घरी येतो. सूट नोकरीवाले घेऊन जातात आणि शेतकऱ्याला ती कधीच मिळत नाही. कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यांसाठी ही सूट मिळायची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवा, ग्रामपंचायतीकडं पैसा पण जास्त येईल. ग्रामविकास विभागानं ह्या हंगामाच्या आत निर्णय घ्यावा आणि आमच्या आमदारांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हा प्रश्न मांडावा ही विनंती.

आपला एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ