आईचा अंगठा लागत नाही

मा. संपादक, स. न.

माझ्या आईने सोलापुरात चाळीस वर्षे विड्या वळल्या. पानं भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. रोज हजार विड्या वळून बोटांची टोकं पार गुळगुळीत झाली. आता रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा लागत नाही.

आई एकटी राहते. अंत्योदय कार्डावर तिला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून मोफत. कार्डावर दुसरं नावच नाही, तर तिच्याऐवजी अंगठा देणार कोण? मागच्या महिन्यात तिने तीन हेलपाटे घातले. पदराने बोट पुसलं, दुकानदाराने ओलं फडकं दिलं, दहाही बोटं लावून झाली. मागे रांग खोळंबलेली. "मावशी, उद्या या." चौथ्या वेळी मी टॉवेल कारखान्यात खाडा करून सोबत गेले. तिच्या आधारला माझा मोबाइल नंबर जोडलेला आहे, म्हणून ओटीपी आला आणि धान्य मिळालं. घरी येताना आई म्हणाली, "बोटं विडीनं खाल्ली गं." ज्या बाईला लेक नाही, मोबाइल नाही, तिने काय करायचं?

मशीन काढून टाका, असं मी म्हणत नाही. किती किलो दिलं ते पावतीवर छापून येतं. माझा दीर भिवंडीला लूमवर आहे. सोलापूरच्या कार्डावर तो तिथल्या दुकानातून धान्य उचलतो. हे मशीनमुळेच झालं.

पण अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारू नका, ओटीपीही जमत नसेल तर कार्ड बघून द्या आणि त्याची वेगळी नोंद ठेवा, असं केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना लेखी कळवलं आहे. आमच्या दुकानात ती नोंदवही कुणी पाहिलेली नाही. रेशन कार्डाच्या केवायसीला, म्हणजे ओळख पडताळणीला, मोबाइलवर चेहरा चालतो, मग धान्य देताना का चालू नये?

पुरवठा खात्याने हा नियम प्रत्येक दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावावा. विडी कामगारांच्या वस्त्यांत मराठीसोबत तेलुगूतही लावावा, कारण तिथल्या कितीतरी म्हाताऱ्यांना तेलुगूच नीट कळतं. पुढच्या महिन्यात आई पुन्हा रांगेत असेल. त्याआधी ती वही उघडली जावी, एवढीच विनंती.

– एका विडी कामगाराची मुलगी, सोलापूर