गडकरी साहेब, गाडीच्या विम्यासाठीही एक पत्र लिहा

मा. श्री. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

28 जुलै 2024 रोजी आपण अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलंत. आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवरच कर, असं आपलं म्हणणं होतं. नागपूरच्या एलआयसी कर्मचाऱ्यांचं गाऱ्हाणं आपण दिल्लीपर्यंत नेलंत आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसींवरचा तो कर शून्य झाला. त्याबद्दल आभार मानतो. 'विम्यावरचा जीएसटी गेला' असं तेव्हा जो तो सांगत होता. या आठवड्यात माझ्या गाडीच्या विम्याची रिन्यूअल नोटीस आली. त्यात ते 18 टक्के जसेच्या तसे आहेत.

माझी गाडी 1197 सीसीची. थर्ड पार्टीचा, म्हणजे माझ्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा, हप्ता 3,416 रुपये. जून 2022 मध्ये लागू झालेला हा दर कोणत्याही कंपनीने ठरवलेला नाही, तो आपल्याच मंत्रालयाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 मुळे तो मला टाळताही येत नाही. घ्यायला लावणारं सरकार, दर ठरवणारं सरकार, आणि त्यावर 615 रुपये कर घेणारंही सरकारच!

आता माझ्यावर काय गुजरलं ते ऐका. यंदाच्या पावसाळ्यात, टोल भरलेल्या रस्त्यावर, रात्री पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडी आदळली. रिम वाकलं, टायर फाटला, लोअर आर्म गेला. शेजारी आई बसली होती, तिची पाठ अजून धरलेली आहे. वर्कशॉपवाले म्हणाले, क्लेम टाका. बिल 14 हजारांचं झालं. टायरचा घसारा (वापराने घटलेली किंमत), 1,000 रुपयांची सक्तीची वजावट वगैरे कापून कंपनीने 8,200 दिले. या क्लेमने माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 50 टक्क्यांवरून थेट शून्यावर येणार, हे तेव्हा कुणीही सांगितलं नाही. ना वर्कशॉपने, ना सर्व्हेअरने, ना कंपनीने. वर्षानुवर्षं सांभाळून गाडी चालवून कमावलेली सवलत होती ती.

मी कागदावर हिशेब मांडला. बोनसची पायरी दरवर्षी पुन्हा 20, 25, 35, 45 अशी चढायची आहे, आणि 50 पेक्षा जितकी कमी तितकी सूट मी गमावतो. यंदा 50 टक्के गेले, पुढच्या वर्षी 30, मग 25, 15 आणि 5. एकूण सव्वाशे टक्के. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ हप्ता 7,000 धरला (बोनस याच हप्त्यावर मिळतो), तर 8,750 रुपये जास्तीचे, आणि जीएसटी धरून 10,325. मिळाले किती? 8,200! म्हणजे खड्डा त्यांचा, दुरुस्ती माझी आणि दंडही मलाच.

'पैसे वाचवायचे असतील तर छोटे क्लेम टाकू नका,' असा सल्ला आता सगळे देतात. व्हॉलंटरी डिडक्टिबल (क्लेममध्ये स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) वाढवा, झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) काढून टाका, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) थोडी कमी दाखवा. या प्रत्येक बचतीत संरक्षण माझंच कमी होतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, मग हातात पडते ती तीच कमी दाखवलेली रक्कम. कंपन्यांचे दर ताडून पाहिले तर थोडे पैसे खरंच वाचतात, आणि कंपनी बदलली तरी बोनस सोबत येतो. पण माझा बोनसच गेला, आता सोबत काय नेऊ?

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाखांची भरपाई द्यायला सांगितलं, तीही दोषी ठेकेदार आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करून. खड्ड्याला कुणीतरी जबाबदार असतं हे न्यायालयाने मान्य केलं. विम्याच्या हिशेबात मात्र तो अजूनही माझाच दोष धरला जातो. मी पॉलिसी भरायला 90 दिवसांहून जास्त उशीर केला तर बोनस रद्द. खड्डा बुजवायला उशीर झाला तर कुणाचं काय रद्द होतं?

आणि विमाच न काढणाऱ्यांचं काय? पहिल्यांदा पकडलं गेलं तर दंड 2,000 रुपये. माझा नुसता थर्ड पार्टी हप्ता करासह 4,031 रुपये. कायदा मोडणं पाळण्यापेक्षा निम्म्यात पडतं! मग रस्त्यावरची जवळपास निम्मी वाहनं विनाविमा आहेत, हे संसदेत ऐकून कुणाला नवल का वाटावं? गाडी घेताना जीएसटी, राज्याचा एकरकमी रोड टॅक्स, रोज पेट्रोलवर कर, नाक्यावर टोल. जो नियमाने भरतो त्याच्याकडूनच पुन्हा पुन्हा घ्यायचं, हीच या देशात वसुलीची रीत झाली आहे. प्रामाणिक माणसाला पिळणं सोपं, कारण त्याचा पत्ता खरा असतो.

माझं मागणं मोठं नाही. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यावरचा जीएसटी काढा, असं पत्र अर्थमंत्र्यांना पुन्हा एकदा लिहा. खड्ड्याने झालेलं नुकसान फोटो आणि पंचनाम्याने सिद्ध झालं, तर बोनसला हात लागू नये, कंपनीने ती रक्कम रस्त्याच्या ठेकेदाराकडून वसूल करावी. आणि क्लेम नोंदवण्याआधी 'तुम्हाला इतके मिळतील, पुढे बोनसमध्ये इतके जातील' हे ग्राहकाला लेखी देणं विमा नियामकाने बंधनकारक करावं.

माझ्या पॉलिसीची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. हप्ता मी वेळेवर भरणार आहे. यातलं आपण काय करणार आणि कधीपर्यंत, ते कळवावं.

आपला,
एक वाहनमालक, सातारा