जिन्यातील वॉलपेपर व ओलीबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब,
व्यवस्थापक समिती, गृहनिर्माण सोसायटी,
विश्रामबाग, सांगली.

विषय : मोफत वॉलपेपर कार्यक्रमानंतर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात झालेल्या प्रकाराबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी तक्रारखोर माणूस नाही, हे आपण जाणता. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, त्यामुळे अर्ज कसा असावा आणि तो कुठे दाबला जातो, दोन्ही मला ठाऊक आहे. तरीही आजवर तोंडी सांगत आलो. आता लेखी देतो आहे. पोच द्यावी.

302 च्या सभासदांनी लिफ्टमध्ये कागद लावला, ‘वॉलपेपर कसा निवडावा, कसा लावावा, मोफत मार्गदर्शन, सर्वांनी यावे’. मार्गदर्शक त्यांचा भाचा. हॉल, पंखे, माइक सगळे फुकट. माझ्या नातवाच्या बारशाला याच हॉलचे भाडे घेतले होते आणि लाइटबिल वेगळे लावले होते. पावती जपून ठेवली आहे. पण तो मुद्दा मी इथे काढत नाही.

माइकबद्दल एवढेच, की 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आपल्याकडेही लागू आहेत. ते रात्री 10 नंतरचे आहेत आणि कार्यक्रम पावणेनऊला संपला, हे मान्य. पण नियमामागचा हेतूही बघायचा असतो.

मी स्वतः गेलो होतो, न जाता बोलणाऱ्यांतला मी नाही. मुलगा बोलतो चांगला. लहान खोलीत मोठी नक्षी नको, स्वयंपाकघरात पुसता येणारा विनाइलचा घ्या, सगळ्या रोलवर एकच बॅच नंबर आहे का बघा नाहीतर रंगाची छटा बदलते, कोपरे कधीच सरळ नसतात म्हणून पहिला पट्टा ओळंबा सोडून लावा. सगळे बरोबर. भडंगही चांगले होते. फक्त हिशेबात तो घसरला. एका रोलमध्ये 57 चौरस फूट, भिंत 12 फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच, म्हणजे 114, म्हणजे दोन रोल, असे त्याने फळ्यावर लिहिले. मी उठून म्हणालो, रोलची रुंदी 21 इंच, म्हणजे या भिंतीला सात पट्टे लागतात. लांबी 33 फूट, म्हणजे वरखाली कापायला दोन-दोन इंच सोडले की एका रोलमधून तीनच पट्टे निघतात. दोन रोलचे सहा झाले, सातवा कुठून आणणार? उत्तर मिळाले, “काका, प्रश्न शेवटी.” शेवटी लकी ड्रॉ होता.

असो. खरा विषय पुढे आहे. हॉलच्या भिंतीवर देणगीदारांचा फलक असल्यामुळे प्रात्यक्षिक जिन्यात करायचे ठरले, आणि जागा निवडली ती दुसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या दारासमोर. मला विचारले नाही. जिना सर्वांचा आहे, असे 302 चे म्हणणे. सर्वांचा आहे म्हणूनच विचारायचे असते!

ती भिंत ओली आहे, हे या समितीला माझ्याइतके कुणी सांगितलेले नाही. गच्चीवरून उतरणाऱ्या पावसाळी पाइपाचा सांधा तिसऱ्या मजल्यापाशी सुटला आहे आणि ते पाणी बाहेरून भिंतीत मुरते. पावसाळ्यात सांगितले तर सचिव म्हणाले, पाऊस थांबल्यावर बघू. पाऊस थांबल्यावर सांगितले तर म्हणाले, आता कोरडी आहे ना? जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या ग्रुपवर दर तासाला ‘आयर्विनला किती फूट’ असे पुलापाशी कृष्णेचे पाणी विचारणाऱ्यांना स्वतःच्या जिन्यातले पाणी दिसत नाही. 2019 च्या महापुरानंतर गावभागात माझ्या भावाने घाईने पुट्टी मारून रंग दिला होता. पुढच्या पावसात पापडासारखे पापुद्रे सुटले. आत पाणी असले की वर काहीही लावा, ते टिकत नाही.

प्रात्यक्षिकाआधी मी त्या भिंतीवर रात्रभर प्लॅस्टिकची पिशवी चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून ठेवली होती. सकाळी भिंतीकडच्या बाजूने थेंब धरले होते. फोटो ग्रुपवर टाकला. त्यावर एक अंगठा आला, तोही 302 च्याच सौंचा.

तरीही जुन्या डिस्टेंपरवर, न घासता, प्रायमर न लावता, विनाइलचे तीन पट्टे चिकटवले. नक्षी गुलाबी फ्लेमिंगोंची. मधला पट्टा नीट जुळला नाही, म्हणून एका पक्ष्याची मान डाव्या पट्ट्यावर आहे आणि चोच उजवीकडे चार बोटे खाली. दार उघडले की आधी तेच दिसते. आता खालची कड सुटून वळली आहे, मागे काळपट हिरवी बुरशी धरली आहे आणि वास येतो. विनाइलमधून ओल बाहेर पडत नाही, ती आतल्या आत कोंडते. हे मार्गदर्शनात कुठेही आले नाही.

दुसऱ्या मजल्यावरील सर्वांचे मत माझ्यासारखेच आहे. 203 बंद असते. 204 च्या भाडेकरूंना विचारले, त्यांनी मान हलवली. 201 चे म्हणाले की जिना जरा उजळला. पण त्यांना चष्म्याचा नंबर बदलायचा आहे.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, गच्चीतून व बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. तेव्हा माझी मागणी अशी, की पट्टे 302 च्या सभासदांनी स्वतः उतरवावेत, भाच्याला बोलावून उतरवले तरी हरकत नाही. पाइपाचा सांधा या पावसाआधी बदलावा. भिंत पूर्ण वाळेपर्यंत तिला काहीही लावू नये. आणि फ्लेमिंगो कुणाला फारच आवडत असतील, तर ते त्यांनी आपल्या दारासमोर लावावेत.

आठ दिवसांत उत्तर न आल्यास हेच पत्र सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात देईन. इच्छा नाही, पण देईन.

कळावे,
आपला,
सभासद, सदनिका 202

ता. क. : उरलेला न वापरलेला रोल हॉलच्या कपाटात आहे. तो कुणाला देण्याआधी मला कळवावे. आमच्या बेडरूमची एक भिंत पूर्ण कोरडी आहे आणि सौ. म्हणतात, पक्षी वाईट नाहीत. तीन पट्टे सहज निघतील, मी मोजले आहे.