नेरुळच्या घराची तिसरी किल्ली

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते. देवघराशेजारच्या खिळ्यावरची नेरुळची तिसरी किल्ली मी गणपतीत आले तेव्हा काढून नेली आणि तिथे भाड्याने राहणाऱ्या त्या दोघी मुलींना द्यायच्या जुडग्यात घातली. विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "राहू दे गं, अडीअडचणीला असावी" म्हणाला असतात आणि मग माझं तोंड उघडलं नसतं. रागवा, पण पुढचं वाचून रागवा.

घर तुमचंच आहे, तुमच्या दोघांच्या नावावर. पण कराराच्या मुदतीत ते त्यांचं राहतं घर. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 28 मालकाला घर पाहायचा हक्क देतं, मात्र आगाऊ कळवून आणि रास्त वेळी. रविवारी सकाळी लॅच उघडून मोगऱ्याला पाणी घालायला जाणं त्यात बसत नाही, बाबा. मागचे लोक तुमच्या वयाकडे बघून गप्प बसले, एवढंच. शिवाय तीन जिने आणि तुमचे गुडघे. मोगरा आणि कढीपत्ता दादा तुमच्याकडे पाचपाखाडीला आणतोय. तिथल्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं, आणि तुमची फेरी कचराळी तलावाला होतेच आहे. त्यात काही कमी होणार नाही.

दुसरं, या वेळी शब्दावर काही नाही. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हे आपल्याकडे सगळेच सांगतात, आणि महाराष्ट्रात ते चूक आहे. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायला द्यायचा करार, लेखी हवं आणि नोंदलेलं हवं, मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची, राहणाऱ्याची नाही. नोंदवलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात आणि ते खोडून काढायचं काम आपल्यावर येतं. खर्च फार नाही. भाडं महिना 24,000, अकरा महिन्यांचे 2,64,000, आणि एक लाख डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज साधारण 9,167. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. एजंटचं वेगळं. सगळं मी भरलंय, पाकीट काढू नका.

आई, तुला रात्री झोप येत नाही ती "घर बळकावलं तर" या विचाराने, हे मला माहीत आहे. उलट नोंदलेला करारच आपल्या बाजूने उभा राहतो. मुदत संपूनही कोणी हललं नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथे करारात लिहिलेलं हाच पुरावा, आणि जास्तीच्या दिवसांचे पैसे दुप्पट दराने. पण म्हणून कधी भाडं थकलं तर बाबांनी पाण्याचा कॉक बंद करायचा नाही किंवा महावितरणला फोन करून वीज तोडायला सांगायची नाही. अत्यावश्यक सोयी तोडण्याबद्दल कलम 29 मध्ये शिक्षा आहे. त्या कलमातला 'भाडेकरू' लिव्ह अँड लायसन्सवाल्यालाही धरतो की तो नुसता परवानाधारक, हा काथ्याकूट वकिलांनी करावा. आपण हात लावायचाच नाही.

आता गीझर. तुमचा गॅसचा गीझर मी काढून टाकला. "वीस वर्षं काही झालं नाही" हे ऐकू येतंय मला! आपल्याकडे काही झालं नाही कारण आई न्हाणीघराची झडप कायम उघडी ठेवायची. नव्या माणसाला थंडी वाजते, तो झडप लावतो, आत ऑक्सिजन कमी पडतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. माणूस चक्कर येऊन पडतो आणि कडी आतून. आता तिथे पंधरा लिटरचा विजेचा गीझर आहे, स्वतंत्र सोळा अँपिअरच्या पॉइंटवर. वायरमनने आधी अर्थिंग तपासलं, मग बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला. कॉइल गळून पाण्यात करंट उतरला तर हा स्विच तिथल्या तिथे पडतो. त्याचं 'टेस्ट'चं बटण महिन्यातून एकदा दाबायला मुलींना सांगितलंय. शेगडीची नारिंगी नळीही बदलली, तिची पाच वर्षं कधीच उलटून गेली होती.

दुरुस्तीचं म्हणाल तर कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाकडे. भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊनही आपण हललो नाही तर तो स्वतः काम करून भाड्यातून वळतं करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. वाद नको म्हणून करारातच फोड केली आहे: गळती, भिंतीतली वायरिंग, ड्रेनेज आपलं, बल्ब, नळाचे वॉशर, तुंबलेलं सिंक त्यांचं. वरच्या गच्चीची ओल सोसायटीची, त्यासाठी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्यायचा, जिन्यात गाठून बोलायचं नाही.

सोसायटीला करार आधी कळवायचा, परवानगी मागत बसायची नाही. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, 1 ऑगस्ट 2001 चा शासन निर्णय आहे. जास्त लावलं तर मला बिलाचा फोटो पाठवा, भांडू नका. मुलींची पोलिसांना द्यायची माहिती मी ऑनलाइन भरते, तुम्ही ठाण्यावर चकरा मारू नका. आणि डिपॉझिट आपलं नाही, ते एफडीत. दादाने मागितलं तरी नाही. किल्ल्या परत येतील त्या दिवशी मीटरचं रीडिंग आणि भिंतींचे आजचे फोटो ताडून परत द्यायचं. रंग मळला म्हणून कापायचं नाही, तो वापरानेच मळतो. (दारामागच्या माझ्या उंचीच्या रेघांवरून रंग फिरवायचा नाही असं रंगाऱ्याला बजावलं होतं. त्या आहेत तशाच आहेत.)

करार नोंदवायला शनिवारी अकराला एजंटचा मुलगा अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येईल. दोघांची आधार कार्डं बाहेर काढून ठेवा, बाबा सही जुनीच करा, नवीन वळण नको. आई, तुझ्या अंगठ्याचा ठसा मागच्या वेळी बँकेत चार वेळा नापास झाला होता. म्हणून आदल्या रात्री बोटांना खोबरेल चोळ, सकाळी कोमट पाण्याने धुऊन कोरडी कर. आणि त्या दिवशी भांडी घासायची नाहीत. दादाला सांगितलंय, तो घासेल.

तुमची,
मनू