एकाच 'वऱ्हाड'ची दोन रूपे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युनिकोड (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी सांकेतांक देणारे प्रमाणक) रुळला, आता संगणकावरच्या मराठीचा प्रश्न मिटला, असे सर्रास गृहीत धरले जाते. मी पुण्यात जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे मराठी भाषांतर करते. त्या फायली हाताळताना मराठीतली एक उणीव माझ्या लक्षात आली, म्हणून हे पत्र.

जपानी काना लिपीत (हिरागाना आणि काताकाना ही तिची दोन रूपे) 'का' या अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की 'गा' होतो. 1969च्या जपानी संगणकीय प्रमाणकात कानांपैकी काताकानाच तेवढी होती आणि या रेघांना स्वतंत्र सांकेतांक होता, त्यामुळे 'गा'ला दोन घरे लागत. 1978च्या दोन बाइटांच्या प्रमाणकात 83 हिरागाना आणि 86 काताकाना अक्षरे आली व त्यांत 'गा' तयार मिळाला. युनिकोडने तयार 'गा' घेतला, 'का'ला मागून जोडायच्या रेघाही घेतल्या, पण ही दोन्ही रूपे एकच मानावीत असा नियमही सोबत दिला. तो पाळणाऱ्या प्रणालीत कोणतेही रूप टाइप केले तरी शोध लागतो. न पाळणाऱ्या प्रणालीत डोळ्यांसमोरची फाइल सापडत नाही, हे मी भोगले आहे.

'वऱ्हाड', 'कऱ्हाड', 'दऱ्या' यांतला आडवा अर्धा र मात्र असा नशीबवान नाही. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो (हा शब्दही त्यातलाच): नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) 'ऱ'ला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारा जोडक देऊन. दुसरी तऱ्हा युनिकोडने जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवली आहे. छापल्यावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु ती एकच मानण्याचा नियम युनिकोडमध्ये नाही.

शहरातल्या एका ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत मी 'वऱ्हाड' शोधले, तेव्हा एकही नोंद आली नाही. तोच शब्द फोनच्या कळफलकावरून टाकला, तर चार पुस्तके आली. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "तुमचं स्पेलिंग चुकलं असेल." शब्द दोन्ही वेळा बरोबरच होता.

ग्रंथसूची असो वा मतदारयादी, ती तयार करणाऱ्यांनी नोंद साठवताना आणि शोधताना एका रूपाच्या जागी दुसरे ठेवले, तर हा घोळ टळेल. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने हे काम किरकोळ आहे. राज्य शासनाने संगणकप्रणालींच्या निविदांत एवढी अट घालावी आणि प्रणाली ताब्यात घेण्यापूर्वी 'वऱ्हाड' दोन्ही तऱ्हांनी टाइप करून पाहावे.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे